रशीदाभाभींच्या सकाळच्या गोळ्या

माझ्या मनगटाचं माप माझ्या नवऱ्याला आजही सांगता येणार नाही, पण रशीदाभाभींना ते पाठ आहे. भवानी पेठेत आमच्या इमारतीसमोरच्या गल्लीत त्यांचं बांगड्यांचं दुकान. दुकान म्हणजे केवढं, तर दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसरीनं पायरीवर उभं राहून बोलायचं. माझ्या सासूबाईंच्या हातात बांगड्या भरल्या त्या रशीदाभाभींच्या सासूनं आणि माझ्या हातात भरल्या त्या रशीदाभाभींनी. आमचं घर बौद्ध, त्यांचं मुसलमान, वरच्या मजल्यावरच्या विजयमालाताई देशस्थ. पण बांगड्या भरायच्या म्हटलं की सगळ्या बायकांचे हात त्या एकाच गादीवर.

बांगडी भरणं हे काम सोपं वाटतं, कारण भरणारी चांगली असते. हाताची पाच बोटं एकत्र दाबून, अंगठ्याचं हाड आत वळवून काच पुढं सरकवायची, तीही गिऱ्हाइकाला कळू न देता. रशीदाभाभींची एक खोड होती. बांगडी हाडाशी आली की त्या नेमका काहीतरी प्रश्न विचारायच्या. "सासू काय म्हणते?" किंवा "यंदा पोरगी कितवीत?" उत्तर देण्यात बाईचा हात सैल पडायचा आणि तेवढ्यात बांगडी आत. गल्लीतल्या घराघरांतली बित्तंबातमी त्यांच्याकडं असे ती यामुळेच. पण ती कधी दुकानाची पायरी उतरून बाहेर गेली नाही, हेही खरं.

या बाईला कंपवात झाला. उजव्या हाताचा अंगठा आधी, मग सगळा हात. काही धरायचं नसलं की तो आपला आपण हलत राही आणि धरायला गेलं की जड होई. मेंदूच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. दिवसातून तीनदा घ्यायची. काय सांगू, पहिल्या महिन्यात जादू झाली. त्या पुन्हा गादीवर बसल्या आणि पहिल्या झटक्यात विजयमालाताईंचे दोन्ही हात भरून मोकळ्या झाल्या. मी तेव्हा त्यांना म्हटलंदेखील, "भाभी, डॉक्टर देवमाणूस आहे." त्या म्हणाल्या, "देव आहे म्हणून डॉक्टर आहे." असल्या वादात मी पडत नाही. मी टेलिफोन खात्यात आयुष्य काढलं. प्रत्येक तक्रारीला कारण असतं, आणि फोन बंद पडल्याची तक्रार करणाऱ्यानंच बरेचदा रिसिव्हर नीट ठेवलेला नसतो, एवढं मला ठाऊक आहे.

पुढं दीड-एक वर्ष बरं गेलं. आमच्या मैत्रीचं लग्न त्याच काळात ठरलं. मैत्री ही माझी धाकटी लेक, हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत. सकाळी कंपनीची बस घेऊन जायची आणि रात्री आणून टाकायची, त्यामुळे आई-बाप हे तिला रविवारीच दिसायचे. लग्न डिसेंबरात, बौद्ध पद्धतीनं, पांढऱ्या साडीत. तरी पोरीनं हट्ट धरला की आदल्या दिवशी हातात काचेच्या हिरव्या बांगड्या हव्यात आणि त्या रशीदाभाभींनीच भरायला हव्यात. माझे यजमान रामदास म्हणाले, "हे चुड्याबिड्याचं खूळ आपल्यात कशाला?" मैत्री म्हणाली, "खूळ नाही हो बाबा, मला आवडतात. आणि भाभी आवडतात." भाभींना सांगितलं तर त्यांनी माझ्या पोरीचा हात हातात घेऊन माप बघितलं आणि म्हणाल्या, "ही माझी शेवटची नवरी. हिचे हात मीच भरणार. मग नाजिमानं दुकान बघावं." नाजिमा त्यांची सून.

आणि नेमका त्याच पावसाळ्यात त्यांचा हात बिघडला.

गोळी तीच, वेळा त्याच, पण सकाळी दुकानात आल्या की हात थरथर थरथर. बांगडी उचलायला जायच्या आणि शेजारच्या चार पाडायच्या. त्यांचा मुलगा शहाबाज अर्ध्या दुकानात मोबाइलची रिचार्ज कुपनं विकायचा, त्याला वाटलं गोळ्याच नकली येतायत. त्यानं औषधांचं दुकान बदललं, पण फरक पडला नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवली. त्यानं मळमळ सुरू झाली आणि रात्रभर अंग वळवळायला लागलं, मग पुन्हा कमी केली. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला त्याच्या लहरींनी. शहाबाज त्यावर जरा चिडला, कारण त्याचं पोट त्या लहरींवरच होतं. मी सगळ्यांना वेड्यात काढत होते, पण खरं कारण काय, हे मलाही सांगता येत नव्हतं. रोज सकाळी खिडकीतून त्यांच्या हाताकडं बघायचं आणि डिसेंबराकडं बघायचं, एवढंच चाललं होतं.

मग रमजान आला. शहाबाज म्हणाला, "अम्मी, बीमार माणसाला रोज्याची माफी असते." डॉक्टरांनीही नको म्हणून सांगितलं होतं. पण भाभींनी आयुष्यात रोजा सोडला नव्हता, त्या कुणाचं ऐकणार? पहाटे सहरीला उठल्या की त्या आधी नुसत्या पाण्यानं गोळी घ्यायच्या, नमाजाची तयारी करायच्या, मग दोन घास खायच्या. पुढची गोळी एकदम संध्याकाळी रोजा सोडताना. माझ्या हिशेबानं या बाईचे आता हाल कुत्रा खाणार नव्हता. औषध तीनाऐवजी दोनदा आणि दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नाही!

आणि हात सुधारला.

मी स्वतः बघितलं. त्या वर्षी दिवाळी आणि ईद लागून आल्या होत्या, दुकानात बायकांची ही झुंबड. भाभी सकाळी गादीवर बसून एकामागून एक हात भरत होत्या. दुपारनंतर हात पुन्हा हलायला लागे आणि नाजिमा त्यांना आत नेऊन निजवी. पण दुपारी गल्ली झोपलेली असते, सकाळचं मात्र सगळ्यांनी पाहिलं. झालं, गल्लीभर झालं की रशीदाबींना रोजा लागू पडला. विजयमालाताईंनी तर चतुर्थीबरोबर एकादशीही धरायचं ठरवलं, गुडघ्यांसाठी.

मला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. उपास करून मेंदूचा आजार बरा होत नाही, हे मला माहीत आहे. आणि डोळ्यांसमोर तो होत होता. माझ्या माहितीचा आणि माझ्या डोळ्यांचा असा उभा दावा कधी लागला नव्हता.

ईद झाली, शिरखुर्मा झाला आणि पंधरवड्याच्या आत हात पुन्हा पहिल्यासारखा हलायला लागला. लग्न तोंडावर. भाभी मला म्हणाल्या, "बाई, मी ठरवलंय. लग्नापर्यंत रोज रोजा धरायचा. अल्लानं रस्ता दाखवलाय, मीच सोडला." नाजिमा रडायला लागली. रमजानात सासूचं वजन किती उतरलं होतं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. दोनदा त्यांना चक्करही आली होती. मी नाजिमाला म्हटलं, "रडू नकोस, रिक्षा बोलाव." आणि आम्ही तिघी डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. रोज्याचा बेत ऐकून त्याचा पारा चढला. "आजी, तुम्हाला मी काय सांगितलं होतं? गोळ्यांच्या वेळा मोडायच्या नाहीत!" भाभी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या वेळेला हात हलतो साहेब. अल्लाच्या वेळेला हलत नाही." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडं बघू नका, मी धर्म सोडून बोलणारी बाई आहे. पण त्या म्हणतात ते खरं आहे. रमजानात सकाळचा हात चांगला होता."

तेव्हा कुठं तो जरा मागं टेकून बसला. "बरं. रमजानात आणखी काय बदललं? दुसरं काही औषध घेता का?"

"नाही."

"काहीच नाही?"

"तुमच्याशिवाय कुणाचं औषध घेत नाही."

नाजिमानं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि हळूच म्हणाली, "अम्मी, त्या बाटल्या?"

"त्या कुठं औषध आहेत?" भाभी म्हणाल्या. "त्या तर घरच्या बायकांनी दिल्यात."

इथं मला थोडं थांबून सांगायला हवं. बांगड्या भरल्यावर बांगडीवालीला नुसते पैसे देऊन उठायचं नाही, अशी आमच्या गल्लीची रीत आहे. तिला काहीतरी खायला द्यायचं. पूर्वी गूळ-खोबरं, साखर, घरचा लाडू असायचा. भाभी त्यातलं काही नाकारत नसत. भरल्या हातानं दिलेलं परत करणं म्हणजे त्या बाईच्या हातातल्या काचेचा अपमान, असं त्यांची सासू सांगून गेली होती. आता मुलं अमेरिकेत गेली, घरात लाडू वळणारं कुणी राहिलं नाही, आणि गल्लीत गूळ-खोबऱ्याच्या जागी व्हिटॅमिनच्या बाटल्या आल्या. विजयमालाताईंचा चेतन न्यू जर्सीहून मे महिन्यात आला तो बॅगेत चार बरण्या घेऊन. बरणी केवढी, तर आपल्या लोणच्याच्या बरणीएवढी. त्यातली एक ताईंनी भाभींना दिली. "अमेरिकेत सगळे घेतात. हाताला ताकद येईल," म्हणाल्या. तळमजल्यावरच्या जयानं प्रोटीनच्या पावडरीची एजन्सी घेतली होती, तिनं डबा दिला. भाभींनी कुणाचं मन मोडलं नाही. रोज सकाळी कपभर दुधात जयाची पावडर, त्याबरोबर विजयमालाताईंची गोळी आणि त्यातच डॉक्टरांची गोळी. सगळ्यांचं प्रेम एका घोटात. फक्त रमजानात नाजिमानं बाटल्या माळ्यावर टाकल्या होत्या, रिकाम्या पोटी त्यांनी जळजळ होते म्हणून; ईदनंतर त्या पुन्हा खाली उतरल्या.

मलाही हे तेव्हाच कळलं. इतके दिवस मी टॉवर आणि नजर यांच्यावर तोंडसुख घेत होते आणि रिसिव्हर घरातच बाजूला काढून ठेवलेला होता.

नाजिमा पिशवी घेऊनच आली होती. डॉक्टरांनी बरणी फिरवून फिरवून बारीक अक्षरं वाचली. "यात लोह आहे," तो म्हणाला. "लोह आणि आपली गोळी पोटात एकत्र आली की एकमेकांना धरून बसतात. गोळी रक्तात पुरेशी जातच नाही. आणि दूध, प्रोटीन हेही तिच्या वाटेत गर्दी करतं. सहरीला तुम्ही गोळी आधी आणि नुसत्या पाण्यानं घेत होता. बहुतेक म्हणून ती लागू पडली."

"बहुतेक?" मी विचारलं.

"बहुतेकच म्हणणार मी. आजारही चढउतार करतो. एकच कारण असेल असं नाही."

"आणि यात ते बी-सहा का काय लिहिलंय, ते?" माझं वाचन थोडं असलं तरी चालू असतं. वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत मी काहीतरी वाचलं होतं.

"ते पूर्वीच्या गोळीला मारक होतं. आताच्या गोळीत जोडीला दुसरं औषध असतं, त्यामुळे साध्या प्रमाणात फारसं बिघडत नाही. खूप मोठा डोस मात्र नको."

म्हणजे मारक होतं, आता नाही, पण थोडं आहे. मी वाचन बंद करायचं ठरवलं.

भाभींनी बरणी हातात घेतली. त्यांनी विचारलं, "म्हणजे हे विष आहे?"

"नाही हो आजी! ज्याला लोह कमी आहे त्याला ते लागतंच. फक्त या गोळीपासून दोनेक तास लांब घ्यायचं. तुमचं रक्त तपासू. कमी नसेल तर उगाच कशाला?" रक्त तपासलं, लोह भरपूर निघालं. बाटली बंद, पावडर बंद. सकाळची गोळी नुसत्या पाण्यानं, नाश्ता नंतर. जेवण सोडायचं नाही, रोजा तर मुळीच नाही, असं त्यानं नाजिमाला दोनदा बजावलं.

रिक्षात भाभी म्हणाल्या, "म्हणजे रोज्यानं काही नाही झालं?" मी म्हटलं, "गोळी आधी, पाण्यानं. ते रोज्यामुळेच घडलं ना?" त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही. मलाही पटलं की नाही, कळलं नाही. त्या पुढं म्हणाल्या, "विजयमालाबाईंना काही सांगू नका हं. त्यांचा पोरगा सात समुद्रावरून आणतो. त्यांना वाटेल, आपण हिचं वाईट केलं." मी बरं म्हटलं. विजयमालाताई रोज जिन्यातून विचारायच्या, "घेतली का गोळी?" आणि भाभी मान हलवायच्या. खोटं बोलताना त्यांची मान हातापेक्षा जास्त हलायची.

हात सुधारला, पण रमजानातल्या सकाळसारखा रोज नाही. काही दिवस छान, काही दिवस बेताचा. गोळी घेतल्यावर तासाभरानं हात मोकळा होई आणि थोड्या वेळानं पुन्हा हलायला लागे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आजार पुढं सरकतोच, पूर्वीसारखं होणार नाही. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी भाभींनी सगळं त्या गोळीवर बांधलं. सकाळी हलकं खाऊन मधे पुरेसा वेळ जाऊ दिला आणि आमच्या घरी येऊन नुसत्या पाण्यानं गोळी घेतली. मग गादीवर मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, "आता थांबायचं."

घर पाहुण्यांनी भरलेलं. मैत्री समोर दोन्ही हात पुढं करून बसलेली, आणि सगळ्या बायका एका गोळीची वाट बघतायत. भाभींचा उजवा हात मांडीवर आपला हलतोय. मैत्रीचा मोबाइल वाजला, अमेरिकेहून ऑफिसचं काहीतरी. पोरीनं तो बंद करून टाकला, ही एक नवलाची गोष्ट. माझ्या नणंदेनं कुजबुजत म्हटलं, "सुनेलाच भरू दे की." नाजिमा दारातच उभी होती. तिनं मान खाली घातली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. हात मोकळा झाला नाही तर ही बाई माझ्या घरातून कशी उठेल, याचीच मला भीती होती. पोरीच्या चुड्याचं काय, बांगड्या कुणीही भरेल.

तेवढ्यात विजयमालाताई आल्या. हातात मसाला दुधाचा पेला आणि पर्समधून काढलेली त्यांची ती लांबट गोळी. "अहो रशीदाभाभी, किती थरथरतोय हात! आज घेतलीच नसणार तुम्ही. मला वाटलंच. घ्या बघू, माझ्यासमोर घ्या." आणि गोळी त्यांच्या ओठांपाशी नेली.

खोलीतल्या बायका कौतुकानं बघत होत्या. भाभींनी माझ्याकडं पाहिलं, मग मैत्रीच्या हातांकडं. मी तोंड उघडणार होते, पण ताईंना काही सांगू नका म्हणून भाभींनीच मला बजावलं होतं.

"नको," भाभी म्हणाल्या.

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको, ताई."

विजयमालाताईंचा चेहरा असा झाला, जणू कुणी भर मांडवात त्यांचा आहेर परत केलाय. पेला त्यांनी टेबलावर आपटला. "माझा चेतन एवढं ओझं वाहून आणतो, आणि इथं लोकांना किंमत नाही," असं म्हणून त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडं पाठ करून. भाभींनी डोळे मिटले. मला वाटलं, दुवा मागतायत. कदाचित नुसत्याच बसल्या असतील.

हात थांबला तो मला दिसलाच नाही. आधी हलत होता, आणि मग बघितलं तर बांगड्यांच्या गुंडाळीचा दोरा सोडत होता. "ये," त्या मैत्रीला म्हणाल्या. डावा हात भरला, उजवा भरला, रीतीप्रमाणे एका हातात एक जास्त. अंगठ्याच्या हाडाशी आल्यावर विचारलं, "नवरा स्वयंपाक करतो का गं?" पोरगी हसायला लागली आणि बांगडी आत गेली. एकही फुटली नाही. मी अपशकुन मानत नाही, पण शेवटची आत जाईपर्यंत मी श्वास धरून होते, हे कबूल करते. मैत्री त्यांच्या पाया पडली. मला हुंदका आला आणि मी तो दाबला नाही.

बायका पोरीभोवती जमल्या. भाभी मात्र गादीवरून उठल्या नाहीत. त्यांनी आपल्या हाताकडं पाहिलं, तो अजून स्थिर होता. किती वेळ राहील ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी पेटीतून दोन-सहाच्या मापाच्या बांगड्या काढल्या आणि गॅलरीकडं तोंड करून हाक मारली, "विजयमालाबाई, इकडं या. हात द्या."

ताई आल्या, पण तोंड फिरवून बसल्या. हात मात्र पुढं केला. बांगड्या भरायच्या नाहीत, असं म्हणणं त्यांच्यानं झालं नसावं. भाभींनी त्यांची बोटं एकत्र धरली.

"सगळा पावसाळा मी तुमची गोळी घेतली, ताई. एक दिवस चुकवला नाही. तुम्ही दिलेली म्हणून घेतली. डॉक्टर म्हणतो, तिनं माझी गोळी लागत नव्हती. म्हणून हात हलत होता."

ताईंची मान एकदम वळली. डोळे भरून आले. "म्हणजे मीच तुमचा हात..."

बांगडी अंगठ्याच्या हाडाशी आली होती.

"हात ढिला सोडा," रशीदाभाभी म्हणाल्या, "काच आहे."